तीनशे मिलीलिटर

“हे साधं अंग दुखणं नाही. हा रॅबडोमायोलिसिस आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी तेवीस वर्षांचा. तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी समजावलं: झेपणार नाही इतक्या व्यायामानं स्नायू फुटतात, त्यांच्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडन्या तुंबतात. स्नायूंची मोडतोड दाखवणारी सीपीके ही तपासणी दोनशेच्या आसपास हवी. माझी नव्वद हजारांवर होती.

“नेमकं काय केलंस?”

बाबा शेजारी उभे होते. सांगताना मान वर होईना.

आम्ही उमरेडचे. बाबा कोळसा खाणीत आहेत. मी नागपुरात खोली घेऊन राहायचो, मोबाइलच्या दुकानात काम करायचो. गिऱ्हाईक नसलं की रील्स. पोटावर चौकटी असलेली पोरं, तीस दिवसांत नवं शरीर. एकदा माझ्या फोटोखाली मित्रानं ‘काडीपहलवान’ लिहिलं. मी हसण्याची इमोजी टाकली आणि फोटो काढून टाकला.

मग ते तीस दिवसांचं चॅलेंज घेतलं. चौथ्या दिवशी पाचशे बैठका. पाणी कमी प्या, शिरा उठून दिसतात, असं त्यात सांगितलं होतं. नागपूरचा मे महिना, आणि मी दिवसाला दोन ग्लासांवर आलो.

मांड्या सुजून टणक झाल्या. मला वाटलं, जमलं! फोटो टाकला, धडाधड लाइक्स आले. लघवी मात्र काळ्या चहासारखी होत होती. दोन दिवसांनी तीही जवळजवळ थांबली, उलट्या सुरू झाल्या. दुकानाच्या मालकांनीच उचलून रुग्णालयात आणलं.

“मले फोन काहून नाही केला गा?” बाबा एवढंच म्हणाले.

“मले तसं दिसायचं होतं, बाबा.”

त्यांनी माझ्या पायावरची चादर नीट केली.

मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. म्हणजे रक्त बाहेर काढायचं, मशीननं गाळायचं, परत आत सोडायचं. चार तास हलायचं नाही. आई मापाच्या भांड्यात माझी दिवसभराची लघवी मोजायची आणि कागदावर लिहायची. तीस. चाळीस. वीस. मिलीलिटर.

“किडन्या झोपल्या आहेत, मेलेल्या नाहीत,” मॅडम रोज सांगायच्या. एकदा मी त्यांना त्या चॅलेंजचा रीलवाला दाखवला. त्या म्हणाल्या, “शूटिंगच्या दिवशी हा तहानलेला असतो, वर लाइट, फिल्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी हा स्वतःसुद्धा असा दिसत नसेल.”

मी त्याला अनफॉलो केलं. मग बाकीच्यांनाही.

नवव्या दिवशी आई भांडं हातात घेऊन वॉर्डात ओरडली, “तीनशे झाली वं सिस्टर! तीनशे!” सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा खिडकीकडे तोंड करून रडले. दुसऱ्या दिवशी अकराशे, नंतर तीन लिटर. मानेतली नळी निघाली.

मित्रांनो, व्यायामानंतर लघवी गडद झाली तर आरशासमोर उभे राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मी दोन दिवस घालवले. सगळ्यांचं नशीब माझ्यासारखं नसतं.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, नॉर्मल आला. “पोहायला लाग,” मॅडम म्हणाल्या, “पण हळूहळू.”

पोहण्याच्या तलावावर शर्ट काढावा लागतो. पहिल्या दिवशी मी बराच वेळ टॉवेल गुंडाळून बसलो. बरगड्या मोजता येत होत्या, मानेवर व्रण होता. मग टॉवेल बाजूला ठेवला आणि उतरलो.

परवा सुटीच्या दिवशी आईबाबा उमरेडहून आले होते. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा न थांबता तलाव पार केला. काठ हाताला लागला तेव्हा छाती धपापत होती. बाबा आईला हलवून हलवून सांगत होते, “पाह्य वं, पोट्टा पोचला!”

मी काठ धरून तसाच हसत राहिलो, आणि परत फिरायला वळलो.