विहिरीवरची बाई आणि वायपरची मोटार

पिंपळे गुरवातल्या आमच्या चाळवजा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून आई भर दुपारी दोरानं पाण्याची बादली वर ओढते आहे, खाली बाबा वहीच्या पुठ्ठ्यावर काहीतरी टिपताहेत, आणि शेजारपाजारची झाडून सगळी मंडळी कामं टाकून वर बघताहेत — बालपण म्हटलं की मला हे असं दिसतं. घरात नळ होता, बरं का! चांगलं धो धो पाणी होतं. तरी आई बादली ओढत होती, आणि लाजून लालेलाल झाली होती.

कारण होतं गल्लीतल्या गणपतीचा हलता देखावा. बाबा भोसरीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मशीनवर होते. ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला कटिंग ऑइलचा उग्र, किंचित गोडसर वास यायचा, जो मला आजही कुठल्याही अत्तराहून प्रिय आहे. लातूरकडून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण मंडळात सतरंज्या उचलण्यापलीकडे त्यांना कुणी काही सांगत नसे. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "भाऊ, यंदाचा देखावा तुम्ही करा." बाबांना आभाळ ठेंगणं झालं. विषय ठरला — गावाकडची विहीर आणि पाणी ओढणारी बाई.

जुन्या बाजारातून ट्रकच्या वायपरची मोटार आली, बाईला आईची विटकी हिरवी साडी नेसवली गेली, ओल्या रंगाचा आणि सरसाचा वास मांडवभर दाटला... आणि चाचणीच्या दिवशी बाई हलली! घागर वर, घागर खाली, वर, खाली, अगदी एका चालीनं. तेवढ्यात समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, ही पाणी काढतेय की पाळणा हलवतेय?" सगळी गल्ली खदखदून हसली. अण्णाही हसले, मग हळूच म्हणाले, "राव, मनाला लावून घेऊ नका. परवा सकाळपर्यंत नाही जमलं, तर तयार देखावा भाड्यानं आणू." बाबांचं तोंड एवढंसं झालं. मी त्या काकूंशी दोन दिवस बोलले नाही.

पण काकूंचं काही खोटं नव्हतं. भरलेली घागर जड, ती सावकाश येणार. रिकामी सुटते ती झपकन. मोटारीला यातलं काय कळणार, कप्पाळ? ती आपली एका गतीनं गरगरणार. म्हणून ती बादली, म्हणून आई गॅलरीत! मी मोठ्यानं अंक मोजत होते — वर यायला सहा, खाली जायला दोन. लोक बघताहेत म्हणून आई भराभर ओढू लागली की बाबा खालून ओरडत, "तशी नव्हं गं! रोजच्यासारखी!"

"रोज काय विहिरीवर जायलेय व्हय मी?" वरून लातुरी ठसका.

मग बाबांनी लोखंडाची एक चकती कापली, मुद्दामच वेडीवाकडी. तिच्या कडेवर टेकलेला दांडा बाईचे हात हलवणार होता. कड जिथं हळूहळू उंचावते तिथं घागर सावकाश वर. जिथं एकदम उतरते तिथं झपकन खाली. पण या दोन्हींच्या मधे त्यांनी कडेचा एक तुकडा अगदी गोल ठेवला होता.

"इथं काय होणार?" मी विचारलं.

"इथं मोटार फिरत राहणार, पण बाई थांबणार."

"कशाला?"

"थांबू दे की गं जरा," ते कानस घासत म्हणाले.

गंमत अशी, की आज मी चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांच्या हालचाली आखते आणि हे असले मधले थांबे शोधून कापते. कंपनी त्याचाच पगार देते. पण फिरत्या गोष्टीतून स्थिरता घडवावी लागते, तिलाही आकार द्यावा लागतो, हे मला कॉलेजच्या कितीतरी आधी त्या चकतीनं शिकवलं.

स्थापनेच्या सकाळी बटण दाबलं. बाईनं जडशीळ घागर ओढत ओढत वर आणली, अन् थांबली. दुसऱ्या एका लहान चकतीनं तिची मान हळूच डावीकडे वळली. मग घागर सुटली. "अगं बाई, खरंच ओढतेय की!" काकूच ओरडल्या, आणि मी त्यांना तत्क्षणी माफ करून टाकलं. टाळ्या, शिट्ट्या, गुलाल... अण्णांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "भाऊ, मधेच अडकतंय बघा. तेवढं काढून टाका."

जन्मात कधी कुणाला उलटून न बोललेले माझे बाबा म्हणाले, "अडकत नाही अण्णा, थांबते ती. ते काढायचं असंल तर देखावाच काढून नेतो."

अण्णांनी बाईकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं, आणि म्हणाले, "राहू द्या, राव. ब्येस दिसतंय."

आरतीची गडबड सुरू झाली तशी आई बाबांजवळ सरकली. "कामून थांबायली ओ ती?"

"तू थांबायचीस तशी," बाबा म्हणाले. "लग्नानंतर दोन वर्षं तू गावी होतीस, मी इथं खोली शोधत होतो. एकदा न कळवता आलो. फाट्यावर उतरलो तर तू विहिरीवर. घागर वर आली की दर खेपेला एसटीच्या रस्त्याकडं बघायलीस. मी लिंबाच्या आडून बघत होतो."

"मग हाक मारायची की!"

"माझी कुणी वाट बघतंय, हे जन्मात पहिल्यांदाच बघत होतो. उभाच राहिलो."

आई हसली, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. काकूंना वाटलं, बाप्पाला बघून हिला भरून आलं.

बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. आईची आम्ही सगळे फार काळजी घेतो. पण तिच्याकडे असं लांबून, गुपचूप बघत राहणारं माणूस घरात उरलेलं नाही.