इस्त्रीखालचा पक्षी

प्लास्टिकचीही नोट असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडं नोट म्हणजे कागदच. पापुआ न्यू गिनीची ती हिरवी नोट मित्रानं मला माझ्या नोटांच्या प्रदर्शनात मांडायला दिली होती. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या दादानं ती खास त्याच्यासाठी आणलेली. तिच्यावर तिथल्या रानातला पक्षी होता, पिसं कारंज्यासारखी सुटलेली. पण मधोमध घडी पडली होती, आणि पशुपक्ष्यांच्या नोटांच्या माझ्या चौकटीत ती डोळ्यांत खुपत होती. कागदी नोटांना करायचो तेच केलं. वर रुमाल टाकला नि इस्त्री फिरवली.

रुमाल उचलला तर पक्षी आक्रसून गोळा झालेला.

तेवढ्यात जिन्यावरनं मित्राचा आवाज. "इस्त्रीचा वास येतोय की! लेका, लगीन हाय का तुझं? आटप, दादा बी येणार हाय प्रदर्शन बघायला."

लपवायला वेळच नव्हता. तो आत आला, टेबलाकडं बघून थांबला. मी खरंच सांगणार होतो. तोंडातून मात्र निघालं, "नोट नकली हाय रं. कागद कधी असा आकसतोय व्हय? दादाला कुणीतरी गंडवलंय."

त्यानं तो गोळा हुंगला. "प्लास्टिकच हाय की," म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यानं दादाला चारचौघांत सुनावलं. तिकडं अशाच असतात, असं दादा सांगत राहिला. पण नोटांतला जाणकार मी. दादा पुन्हा बोटीवर गेला आणि भावाभावांचं बोलणं तुटलं. पुढं एका मासिकात त्या देशाच्या प्लास्टिकच्या नोटांविषयी वाचलं. मासिक मिटलं, गप्प बसलो. किती वर्षं!

दोन हजार सालानंतर एका विक्रेत्याकडं तीच नोट दिसली. घेतली आणि मित्राच्या घरी गेलो. नोकरी संपवून दादाही तिथंच राहायला आलेला, पण एका घरात दोन चुली. नोट पुढं ठेवून मी सगळं सांगितलं.

मित्रानं नोटेला हात लावला नाही. उठला, मधल्या बंद दारापाशी गेला. मग दार वाजवलं.

"दादा, पावणं आल्यात. तुझ्याकडं काम हाय त्यांचं."