बदकाची कातडी

बाबा बावीस वर्षं जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. दहा महिने समुद्रावर आणि दोन महिने वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत. त्या दोन महिन्यांत ते आम्हाला पाहुण्यासारखे वाटायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही आम्ही तसेच वाटत असणार. नव्वदच्या आसपास ते एकदाचे कायमचे घरी आले आणि आईने सुटकेचा निःश्वास सोडला. तो तिने जरा लवकरच सोडला.

कारण जमिनीवर बाबांचं काही जमेना. पहाटे चारला उठून ते स्वयंपाकघरातले डबे पुसायचे आणि झाकणं सुतळीने बांधून ठेवायचे. चहासाठी साखर हवी तर आधी गाठ सोडवत बसा. जेवताना ताटाखाली ओलं फडकं अंथरायचे. जहाज हललं तरी ताट सरकू नये म्हणून तिकडे तसं करतात. आमची चार मजली इमारत काही हलणाऱ्यातली नव्हती, पण सांगणार कोण? उरलेला दिवस गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. यांना कसली काळजी लागलीय का, असं शेजारणीने विचारलं, तेव्हा पाय मोकळे करतायत म्हणून आईने वेळ मारून नेली. मला मात्र त्या चपलांच्या आवाजाने वेड लागायची पाळी आली होती. मी चोवीस वर्षांची, ठाण्यातच एका ऑफिसात नुकती चिकटलेली, आणि राग तर कायम नाकावर.

आठ महिने असे गेले आणि जहाजाच्या कंपनीचं पत्र आलं. एक माणूस कमी पडतोय, येणार असाल तर आठवड्याभरात कळवा. बाबांनी पत्र गणपतीच्या फोटोमागे खोचलं आणि त्यांच्या फेऱ्या वाढल्या. आईने काही विचारलं नाही. पण त्यांनी पुन्हा जायला नको होतं तिला, हे तिच्या भांडी आपटण्यावरून अख्ख्या मजल्याला कळत होतं.

आता बदकाचं सांगते. बाबांनी एवढी बंदरं पाहिली, पण आमच्या वाट्याला त्यातून एकच गोष्ट आली होती. हाँगकाँगमध्ये काचेच्या आड टांगलेली तांबूस बदकं, आणि त्यांची ती कातडी. दर सुट्टीत निदान एकदा तरी ते सांगायचेच, की मांसाचं काही नाही, मांस कुठेही मिळतं, खरी गंमत कातडीची. पापड मोडावा तशी मोडते. आई दर वेळी ‘कातडी? शी!’ म्हणून विषय संपवायची. आमचा कोंबडीवाला कोंबडी सोलूनच द्यायचा, आणि कुठे चुकून तुकडा राहिला तर आई तो चिमटीत धरून मांजरासाठी बाजूला टाकायची. बाबा मग गप्प व्हायचे, ते पुढच्या सुट्टीपर्यंत.

त्याच सुमारास तलावपाळीच्या मागच्या रस्त्याला एक चायनीज हॉटेल उघडलं. ऑफिसातून येताना मला दिसलं, की दाराशी काचेचं कपाट आहे आणि आत तीन बदकं टांगलेली आहेत. घरी येऊन मी आईला सांगितलं. ती रात्रभर मनात काहीतरी शिजवत असावी, कारण सकाळी मला पोळीचा डबा देताना ती हळूच म्हणाली, “त्यांचं ते बदक इथेच मिळत असेल, तर तिकडे जायचं कशाला?”

मला हे अगदीच बालिश वाटलं. पण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? बदक एक दिवस आधी सांगावं लागायचं. शनिवारी मी जाऊन सांगून आले, आणि रविवारी दुपारी आम्ही तिघं रिक्षा करून गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने कपाटातली साडी काढली होती. मला उगाचच लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं.

हॉटेल भरलेलं होतं. नवं काही उघडलं की आपली माणसं एकदा जाऊन येतातच, मग नावं ठेवायला मोकळी. डोंबिवलीहून आलेलं एक कुटुंब बदकाबरोबरच्या पातळ पांढऱ्या पोळ्या कच्च्या आहेत म्हणून परत तव्यावर टाकून आणायला सांगत होतं. एकाने कांदा-लिंबू मागवून सगळं त्यावर पिळलं, तरी त्याचं म्हणणं एकच, यापेक्षा आमच्या स्टेशनबाहेरच्या गाडीवर बरं मिळतं. कोपऱ्यातल्या एका जोडप्याला मात्र इतकं आवडलं होतं की त्यांनी आणखी अर्धं बदक मिळेल का म्हणून विचारलं. मिळणार नव्हतं. आणि जवळजवळ प्रत्येक ताटलीच्या कडेला सोलून ठेवलेल्या कातडीचा एकेक ढीग होता. एका बाईंनी तर कातडी न काढताच आणलंत म्हणून वेटरला चांगलंच झापलं. स्वयंपाकघराच्या अर्ध्या दारामागे कलकत्त्याहून आलेला म्हातारा चिनी आचारी उभा होता, आणि आत जाणारी प्रत्येक ताटली तो वाकून बघत होता.

बाबांनी बसल्या बसल्या नॅपकिन पाण्याच्या ग्लासात बुडवला, पिळला आणि टेबलावर पसरून त्यावर आपली ताटली ठेवली. वेटर बघत राहिला. मी मान खाली घातली. त्यातच शेजारच्या टेबलावर आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क सहकुटुंब बसलेले दिसले.

बदक आलं. बाबांनी पहिला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले की गोड किंचित जास्त आहे, पण आचाऱ्याला येतंय. कुठेही बसले की त्यांचा पाय कायम हलत असायचा. तो थांबला. आठ महिन्यांत पहिल्यांदा थांबला. आईला ते कळलं, तिने माझ्याकडे बघितलं.

मग बाबांनी वर पाहिलं. आईच्या ताटलीच्या कडेला कातडी होती. माझ्याही होती. ठरवून नाही, शपथेवर सांगते. कातडी खायलाच तर आलो होतो. पण हाताला जन्माची सवय, बोलता बोलता हाताने सोलून बाजूला ठेवली होती.

बाबांनी सगळ्या हॉटेलभर नजर फिरवली आणि उठले. आचाऱ्यापाशी जाऊन हिंदीत काहीतरी बोलले. आचाऱ्याने परत आलेल्या कातडीने भरलेली परात त्यांना दाखवली. ते परत आले, बसले, पुन्हा उठले, आणि थेट शेजारच्या टेबलाशी गेले. हेच खायचं असतं साहेब, मांस नंतर, असं म्हणत त्यांनी आमच्या हेडक्लार्कच्या उष्ट्या ताटलीतला कातडीचा तुकडा उचलला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. साहेब माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी विचारलं, वडील का तुमचे?

माझं डोकं फिरलं. “बाबा, बसा खाली,” मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “हे तुमचं जहाज नाही.”

बाबांनी तो तुकडा जपून ताटलीत परत ठेवला, बोटं पुसली आणि येऊन बसले. आईने आपल्या ताटलीतली कातडी जवळ ओढली, मग माझ्या ताटलीतली. एकेक करून सगळी खाल्ली. प्रत्येक तुकड्यावर घोटभर पाणी. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. “चांगली लागते,” ती म्हणाली. बाबा तिच्याकडे बघून हो म्हणाले. त्यांचा पाय पुन्हा हलला नाही. तेव्हा मला ते चांगलं लक्षण वाटलं.

सोमवारी सकाळी बाबांनी कंपनीला नाही म्हणून पत्र टाकलं. आईने देवापुढे साखर ठेवली. पुढे कितीतरी वर्षं, ज्याला त्याला ती हे सांगायची, की बदकाची कातडी खाल्ली म्हणून माझा माणूस घरी राहिला. कोंबडीवाल्याला तिने न सोलता द्यायला सांगितलं, आणि स्वतःही तशीच खात गेली. आवडली कधीच नाही. हॉटेलने काही महिन्यांत कातडी काढून बदकाचं चिली करायला सुरुवात केली, त्यावर लोक खूश होते, मग हॉटेलच बंद पडलं. मी आईला कधी अडवलं नाही. तिच्या हातात तेवढीच एक जिंकलेली गोष्ट होती.

पण त्या सोमवारी जेवायला बसलो, तेव्हाचं मी तिला कधी सांगितलं नाही. ती आत भात काढत होती. डब्यांच्या सुतळ्या बाबांनी सोडून टाकल्या होत्या. बाबांनी ताट घेतलं आणि सरळ फरशीवर ठेवलं. मी उठून मोरीवरचं फडकं ओलं करून आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. रविवारपासून मला त्यांच्याशी नीट बोलता आलं नव्हतं, माफी वगैरे मागणं तर आमच्या घरात कोणालाच येत नव्हतं. “बाबा, हे राहिलं,” एवढंच मी म्हणाले.

त्यांनी फडक्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते, अगदी साधेपणाने त्यांनी मला विचारलं, “कशाला? हे काय जहाज आहे?”