दार बंद, कुलूप नाही

माझ्या बायकोचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही, आणि मी धंद्यानं फोटोग्राफर. लोकांना सांगितलं की हसतात. हसू द्या. मलाही दुसऱ्याचं ऐकून हसूच आलं असतं.

मी कॅमेरा हातात घेतला तोच मुळी डिजिटल. त्याआधी मी लग्नाच्या मांडवात लायटिंग करायचो. मग तालुक्याला कम्प्युटर आले, चौकाचौकात फ्लेक्स लागायला लागले, आणि मी धारूरच्या बसस्टँडजवळ एक गाळा धरून फोटोग्राफर झालो. रोल, निगेटिव्ह, अंधारी खोली हे सगळं आधीच्या लोकांचं. आमच्या काळात बटण दाबलं की फोटो मागच्या काचेवर हजर. लग्नात तर नुसता वैताग. फोटो काढला रे काढला की सगळी वरात कॅमेऱ्याच्या मागे. "दाव, दाव! आरं, माझे डोळे मिटलेत, पुसून टाक!"

त्यात माझी बायको पहिला नंबर. पदर सावरून, केस चापून उभी राहायची, फोटो निघाला की पळत यायची, काचेत बघायची आणि तोंड वाकडं करायची. "अहो, काय हे थोबाड! काढून टाका बरं आधी." मी बटण दाबायचो. परत काढू म्हणायचो. कॅमेरा घरचा, बायको घरची, घाई कशाची होती?

एका पावसाळ्यात ती काविळीनं गेली. पोरबाळ नव्हतं. तेराव्याला भिंतीवर फोटो तर लागणार. सगळा कम्प्युटर उलथापालथा केला, दुनियेच्या नवऱ्या सापडल्या, माझी सापडली नाही. शेवटी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ती रांगेत कुणीतरी मध्ये घुसल्यासारखी बघतेय. अजून तशीच बघते.

तेराव्याला समोरच्या घरातली जिजी आली. नात्यातली नाही, पण अख्खी गल्ली तिला जिजीच म्हणायची. कानानं अधू. तिचा एकुलता एक लेक आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, म्हणजे हिवाळाभर ती एकटी. ती फोटोपुढं उभी राहिली आणि भर माणसांत मोठ्यानं म्हणाली, "आरं, ही तर भांडायला उठलीय!" मग माझ्याकडं वळून बारीक आवाजात, "मी मेले की मपलाबी आसलाच लावतेल रं भाऊ."

तेव्हापासून जिजी माझ्या मागं लागली. मरायच्या आधी तिला स्वतःचा एक चांगला फोटो पाहिजे होता.

आमच्या गावचा हिवाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळायचा नाही. घाटाखालचं गाव. दसरा झाला की पारापुढं ट्रक लागतात, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं चढतात आणि गाव कारखान्याच्या वाटेला लागतं. एकेका दाराला कुलूप पडत जातं. मागं राहतात म्हातारी माणसं, कुत्री आणि माझ्यासारखा एखादा. लग्नं होतात ती लोक उन्हाळ्यात परतल्यावर. तोवर मला काम नाही. बायको होती तेव्हा हिवाळा कधी आला, कधी गेला कळायचं नाही. आता दुपार दुपार सरत नव्हती. समोर बोलायला माणूस नाही, घरात स्टोचा आवाज बंद. मी मोठ्यानं रेडिओ लावायचो आणि न ऐकताच बंद करायचो.

मग दुपारी कॅमेरा घेऊन जिजीच्या ओट्यावर जायचो. ती बसायची, मी काढायचो. "दाव." दाखवला की काचेवर बोट ठेवून म्हणायची, "ही म्हातारी कोन हाय? मी न्हाई ही. पुसून टाक." मी पुसायचो. दुसरा. "हिचं तोंड बघ! पुस." रोज हेच. असंच एकदा पुसायला बोट बटणावर ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. उद्या जिजीचं काही झालं तर हिच्याही भिंतीवर मतदान कार्डच लागणार, आणि पुसणारा परत मीच.

त्याच आठवड्यात मी बीडला गेलो. तिथला एक जुना स्टुडिओ बंद होत होता, पोरं औरंगाबादला गेलेली. मालकानं रोलचा कॅमेरा, फिल्म धुवायचा डबा, उरलेले काळे-पांढरे रोल आणि औषधाच्या पुड्या एका पिशवीत घालून दिल्या. "डोकं फिरलं का तुझं? आम्ही ह्यातून सुटलो आन् तू शिरतोस?" म्हणाला. मी धारूरच्या सायबर कॅफेत बसून फिल्म कशी धुवायची ते छापून आणलं. धंद्यातले मित्र म्हणाले, बायको गेल्यापासून याचा एक स्क्रू ढिला झालाय. म्हणोत.

ह्या कॅमेऱ्याला मागं काच नाही. नुसतं काळं झाकण. फोटो काढला की माझा अंगठा सवयीनं मागं जायचा आणि झाकणावर घासून परत यायचा. मागं कुणी गोळा होत नाही, कुणी दाव म्हणत नाही. पहिल्यांदा फार एकटं वाटलं.

जिजी ओट्यावर उन्हात शेंगा फोडत बसलेली. मी एक काढला. "दाव," तिनं हात पुढं केला. मी कॅमेराच तिच्या हातात दिला. तिनं उलटा केला, सुलटा केला, झाकणाला डोळा लावला, बोटानं ठोकून बघितलं. "आरं, ह्यो आंधळा हाय का काय?" म्हणाली, कॅमेरा माझ्याकडं दिला आणि जी हसायला लागली! दात नाहीत, पदर खांद्यावरून गेलेला, मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. मी काढला.

"पुसून टाक मुकाट्यानं," ती डोळे पुसत म्हणाली.

मी तिच्या कानाजवळ जाऊन ओरडलो, "जिजे, ह्यात पुसता येत नाही!"

"मंग?"

"मंग काही नाही. राहिला तो."

तिनं सांडलेल्या शेंगा गोळा केल्या. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

रोल संपला तसा मी धुवायला बसलो. लोक हे काम रात्री करतात, पण आमच्याकडं हिवाळ्यात रात्री पाणी इतकं गार पडतं की औषध चालत नाही. म्हणून भर दुपारी, आतल्या खोलीत. खिडकीत गोधड्या कोंबल्या, आतल्या दारावर एक टांगली, बाहेरच्या दाराला आतून कडी लावली. फिल्म आधी अंधारात एका चकरीवर गुंडाळायची, चकरी डब्यात घालायची, झाकण घट्ट लावायचं. तोवर उजेडाचा कवडसासुद्धा चालत नाही. नंतर दिवे लावा नाहीतर नाचा. मी टाकाऊ फिल्मवर डोळे मिटून सराव केला होता. पण खरी फिल्म हातात आल्यावर हाताला घाम सुटला. फिल्म चकरीत शिरेना. शिरली की अडकायची, ओढली की सगळी बाहेर. शेवटी सगळा गुंता माझ्या मांडीवर.

इतक्यात बाहेरून हाक आली, "भाऊ! आरं भाऊ!"

"जिजे, थांब! आलो!" मी आतून ओरडलो. तिला कसलं ऐकू येतंय! माझ्या दारापुढं उभी असताना मी काय म्हणतो ते तिला दहादा विचारावं लागायचं, इथं तर मध्ये दोन दारं आणि गोधड्या.

आता हे सांगायलाच पाहिजे. आमच्या गावात दिवसा दार लावायची पद्धत नाही. माणूस घरात असला तर दार उघडं. गावाला गेला तर बाहेरून कुलूप. हिवाळ्यात तर गल्लीत सगळी कुलपंच. पण दार बंद आणि वर कुलूप नाही, असं दिसलं की माणसाच्या मनात नको तेच येतं. त्यातून घर माझं, बायको मेलेल्या एकट्या माणसाचं.

आमची कडी जुनी. खांद्यानं ढकललं की निघते, हे गल्लीला माहीत. बायको जन्मभर म्हणायची, कडी नीट करा हो. दार धाडकन उघडलं, पावलं वाजली, गोधडी खाली आली आणि सगळा उजेड माझ्या मांडीवर.

"सत्यानाश केलास की म्हातारे!" मी किंचाळलो. "तुला काही अक्कल हाय का! सगळं जाळलंस!"

तिला ऐकू आलं की नाही देव जाणे. ती सरळ माझ्याजवळ आली, माझं तोंड चाचपलं, हात चाचपले, मग गळा चाचपला. गळ्यावरून सगळीकडून बोटं फिरवली. मग एक सणसणीत मुस्काटात ठेवून दिली.

"दार बंद, कुलूप न्हाई! काय समजायचं रं मी? कशापायी लावलं व्हतं दार?" आणि तिथंच फतकल मारून बसली. मला तिचा इतका राग आला होता, तरी मी तिच्या शेजारून उठलो नाही. बायको गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता.

मी चहा केला. फिल्म दाखवून कानात ओरडून सांगितलं की ह्यात तुझा फोटो होता, हसलेला. तिनं फिल्म हातात घेऊन बघितली. "मंग दुसरा काढ की. मी काय मेले का?"

काढले. हिवाळाभर काढले. मी धुवायला बसलो की जिजी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची. मागच्या गल्लीतलं कुणी आलं आणि दार बंद बघून थबकलं की ती हात हलवायची. "आत हाय त्यो. जित्ता हाय. जा." मला आतून ऐकू यायचं आणि अंधारात हसू यायचं. फिल्म चकरीत झरझर शिरायला लागली. फोटो चांगले आले. पण तिला आता माहीत झालं होतं की ह्यात दिसत नाही, त्यामुळं ती दाव म्हणायची नाही. ताठ बसायची, तोंड मिटून, बँकेत आल्यासारखी. फोटो हातात दिला की उन्हात धरून बघायची. "चांगला हाय. पर मी आशी हाय का रं?"

नव्हतीच. ती पहिल्या रोलमधली होती, आणि तो जळाला होता.

पुढच्या दसऱ्याला लेकाला कारखान्यावर कायमचं काम लागलं. आईलाही घेऊन जायचं ठरलं. जिजी मला भेटायला आली, शेंगांची पुडी ठेवून गेली. निघायच्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं. ट्रकच्या पुढच्या केबिनमध्ये तिला बसवली. मी खाली कॅमेरा घेऊन उभा. एक काढला. ताठ, तोंड मिटून. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. तशी जिजी खिडकीतून अर्धी बाहेर आली, हात पुढं केला आणि गल्ली दणाणेल अशी ओरडली, "दाव की रं भाऊ!" आणि स्वतःच्याच चेष्टेवर जी हसायला लागली. मी काढला. ट्रक गेला.

त्या रोलमधले बाकीचे फोटो संपवायला मी बराच वेळ लावला. कुत्र्यांचे काढले, कुलपांचे काढले. मग एका दुपारी खिडकीत गोधड्या कोंबल्या आणि बाहेरच्या दाराला आतून कडी लावली. कडी अजून मी नीट केली नव्हती. अंधारात फिल्म पहिल्याच दमात चकरीवर चढली. चकरी डब्यात घालून झाकण लावलं की काम झालं. मी झाकण लावलं नाही. चकरी मांडीवर घेऊन नुसता बसून राहिलो, दाराकडं कान देऊन. कुणी यावं, खांद्यानं दार ढकलावं, सगळी फिल्म जळून जावी, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. बाहेर कुत्रं भुंकलं, थांबलं. वाऱ्यानं पत्रा वाजला. शेवटी मांडी अवघडली तेव्हा झाकण लावलं.

औषध झालं, धुवून झालं. फिल्म दोरीला टांगून मी दार उघडलं आणि उजेडात बघितली. जिजी केबिनमधून बाहेर आलेली, हात पुढं, तोंड उघडं. फोटो स्वच्छ आला होता. कुठं डाग नाही, चरा नाही. मी फिल्म तशीच धरून ओट्यावर गेलो. समोर जिजीच्या दाराला कुलूप होतं.