वीटभट्टीवर पाठवलेली गोष्ट

मोफत हा शब्द दिसला की माझं बोट आपोआप डाऊनलोडवर जायचं. ही सवय पेणला लागली. तिथल्या हायस्कूलमध्ये मी आठवी-नववीला विज्ञान शिकवायची. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. मग मी इंटरनेटवर शोधायला लागले. पडद्यावर तारा जोडल्या की दिवा लागतो, असा एक खेळ सापडला. वर्गातली मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे आली. तेव्हापासून मला वाटायला लागलं, की प्रत्येक अडचणीवर कुणीतरी, कुठंतरी, काहीतरी फुकट ठेवलेलं आहे. फक्त आपल्याला सापडत नाहीये.

पुढे जिल्हा परिषदेत नेमणूक झाली आणि मी रोह्याच्या बाजूला एका वाडीवरच्या शाळेत आले. शिक्षक दोनच, मी आणि निवृत्तीला आलेले मोठे गुरुजी. घर रोह्याला लागूनच, अष्टमी गावात. नवरा धाटावला कंपनीत. त्याची रात्रपाळी असली की तो दिवसा झोपायचा आणि मला घरातला खडखडणारा प्रिंटर लावता यायचा नाही. मी फोन घेऊन रेंजसाठी पुलावर जाऊन उभी राहायची, शिक्षकांच्या ग्रुपवर आलेलं सगळं उतरवून घ्यायची. अक्षरकार्डं, कोडी, स्वाध्याय, गाणी. फोन भरला की जुने फोटो पुसायची. नवरा एकदा म्हणाला, "अगं, आपल्या लग्नाचे पण पुसलेस?" पुसले होते.

चौथीत एक मुलगी होती. वाडीतल्याच मजुरांची. अक्षरं ओळखायची, पण दोन अक्षरं शेजारी आली की गप्प. मी तिच्यापुढे 'घ'चं कार्ड धरलं. उतरतं छप्पर, वर धुराडं, धुराड्यातून धूर. तिनं बराच वेळ पाहिलं.

"काय आहे हे?"

"कंपनी," ती म्हणाली.

पोरं हसली. मीही हसले, पण घरी येताना ते डोक्यातून जाईना. एवढं सगळं गोळा केलं होतं आणि त्यात तिचं घर कुठंच नव्हतं. पुन्हा शोध सुरू. एक फाईल उघडायची, नाही म्हणायचं, दुसरी उघडायची. भात शिजत लावून फोन बघायची आणि भात खाली लागायचा.

दिवाळीच्या जरा आधी एक जागा सापडली. चित्रांच्या गोष्टी, मराठीत. कुणीही घ्याव्यात, छापाव्यात, मजकूरही बदलावा, परवानगी लागत नाही. त्यात छत्री खाणाऱ्या शेळीची गोष्ट होती. मी वर्गात वाचली. शेळीच्या तोंडातून छत्रीची काडी बाहेर आलेली पाहून ती मुलगी मोठ्यानं हसली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आलीच नाही. मी वाडीत गेले. तिची आई भांडी गोणीत भरत होती.

"भट्टीवर जातंव, बाई."

"पोरीला ठेवा ना इथं. आत्ता कुठं गोडी लागलीय तिला."

"कुनाकडं ठेवू गो? म्हातारी पन येतंय आमच्यासंगं. आनि धाकट्याला कोन बघंल?"

तिच्या बापाकडे फोन होता. मी नंबर घेतला, शेळीच्या गोष्टीची छापील पानं मुलीच्या हातात दिली. तीच गोष्ट माझ्या आवाजात रेकॉर्ड करून बापाच्या फोनवर पाठवली. ती टेम्पोत विटांच्या साच्यांवर बसून गेली.

मग मी रोज फोन बघत राहिले. संदेशावर एकच खूण. गुरुजी म्हणाले, "मॅडम, रिचार्ज संपला असेल. बाजारात येतील तेव्हा मारतील." मला मात्र बसवेना. वर्गात बाकीची मुलं होती, त्यांना शिकवत होते, पण फळ्याकडून वळले की तिची जागा दिसायची. मी आणखी गोष्टी शोधल्या, आणखी पाठवल्या. एकाही गोष्टीला उत्तर नाही.

एका रविवारी अष्टमीच्या बाजारात मी कोलिम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, विकत घेत होते आणि फोन वाजला. आवाजाचा संदेश. मागे ट्रॅक्टर, कुणाचं तरी रडणारं बाळ आणि तिचा आवाज. शेळीची गोष्ट सांगत होती. पण माझी नव्हे. तिच्या शेळीनं छत्री खाल्ली, मग शेठचं जाकीट खाल्लं, मग भट्टीवर चढली आन् खुरं भाजली म्हणून बोंबलत पळाली.

मी तिथंच उभी राहून दोनदा ऐकलं. आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली, कारण हे वाचन नव्हतंच. पानं कुठं गेली होती कोण जाणे. तरी घरी येऊन तिची गोष्ट तिच्याच शब्दांत लिहिली, त्याच चित्रांखाली घातली. जाकिटाला आणि भट्टीला चित्रं नव्हती, ती मी वेडीवाकडी काढली. फोटो काढून पाठवले.

होळीला ती माणसं परत आली. मुलगी शाळेत आली, हात फुटलेले, केस मातकट. मी तिची गोष्ट छापून ठेवली होती. तिनं ती धडाधड म्हटली. गुरुजी दारातून ऐकत होते. हळूच म्हणाले, "वाचते की पाठ म्हणते?"

माझ्याही मनात तेच होतं. मी पान उलटं ठेवलं आणि फळ्यावर गोष्टीत नसलेला शब्द लिहिला. छप्पर. तिनं जवळ येऊन पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. माझ्या हातातला खडू तुटला.

"छ," ती म्हणाली. मग 'छप'. मग मान वाकडी करून त्या जोडाक्षराकडे पाहिलं. "छप्पर?"

"व्हय," मी म्हणाले. मी अशी बोलत नाही एरवी.

पुढचा शब्द तिला आला नाही. त्याच्या पुढचा आला. चौथी संपली तेव्हा ती दुसरीच्या पुस्तकापर्यंत पोचली होती, त्याहून पुढे नाही. जूनमध्ये तिला पेणच्या बाजूच्या आश्रमशाळेत घातलं. मी एकदा भेटून आले. तिथल्या बाई म्हणाल्या, हळू वाचते, पण वाचते. मग चहा पुढे करत त्यांनी विचारलं, "पाचवीच्या गणिताचं काही आहे का तुमच्याकडं, फुकटातलं? अपूर्णांक कुणालाच येत नाहीत."

मी चहा तसाच ठेवून फोन उघडला.