अर्धवट फुटलेला तारा

ताडकळसच्या बाजारात एक बाई ज्वारीच्या लाह्या फोडते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मी विज्ञानाचा शिक्षक, मला विचारण्यापेक्षा सांगण्याची खोड जास्त. ती तापल्या वाळूत मूठभर दाणे टाकते, मान तिरकी करून आवाज ऐकते आणि मग चाळणी हातात घेते.

परवा मी तिला श्वेत बटू ताऱ्यांचा धडाच दिला. हे विझत आलेले तारे फुटले की त्यांचं काही उरत नाही. एखादाच अर्धवट फुटतो, मंद उजळतो आणि मागे शिल्लक राहतो. वर माझं रडगाणंही ऐकवलं: गच्चीवरच्या दुर्बिणीतून मी महिनाभर एका फुटत्या ताऱ्याचे फोटो काढले, पण तो लेकाचा मंदच राहिला, म्हणून वैतागून सगळे पुसून टाकले.

तिचा चाळणीवरचा हात थांबला. "मग तुमचा तोच आसंल की, सर! फुटलेलं समद्यालाच दिसतंय. आर्धं फुटलेलं चाळून काढावं लागतंय."

घरी येऊन मोबाइल धुंडाळला. ताऱ्याचा एकही फोटो उरला नव्हता. दुर्बिणीला टेकून उभा असलेला माझा तेवढा होता, चांगला ठळक.