विहीर एक, कप्पीसह

हवालदार काका सही करण्यापूर्वी कागद उभ्याने, मोठ्याने आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मग तो गॅसच्या सिलिंडरची पावती का असेना. पिंपळे गुरवला आमच्या समोरच त्यांचं दार. कुरिअरवाले तिथे ताटकळत असत. एकदा एकजण वैतागला. "काका, मारा ना सही. तह करताय का काय?" काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तहाच्याच कागदानं शिकवलंय, भावा. थांब जरा."

काका मूळचे मावळातले. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या तुकडीने सीमेपलीकडचं वाळवंटातलं एक गाव घेतलं. तिथे त्यांचा जोडीदार दगडू पडला. गावच्या विहिरीशेजारी त्याला अग्नी दिला. पुढच्या वर्षी सिमल्याला करार झाला, आणि जिंकलेला मुलूख त्या डिसेंबरात सोडून यायचा हुकूम आला. "दगडूला जाळला ती जागासुदीक देऊन टाकली," काका म्हणत. सोसायटीतले शिकलेले लोक त्यांना समजावत, "हवालदार, नाहीतर पुन्हा लढाई झाली असती." "मग व्हऊ द्यायची," म्हणून काका उठून जात.

त्यांच्या दाराच्या चौकटीला एक लोखंडी कप्पी टांगलेली असे. दर डिसेंबरात ते तिला तेल घालत. ती कुठली, हे ते कुणाला सांगत नसत. मला सांगितलं ते माझा नवरा गेल्यावर.

श्रीकांत चाकणच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर कामाला होता. काका निवृत्तीनंतर त्याच कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर होते. श्रीकांत प्रेसखाली सापडला तेव्हा बटण सलीमने दाबलं होतं. सलीम उत्तर प्रदेशातून आलेला, बावीस वर्षांचा. तेराव्यानंतर मॅनेजर कागद घेऊन घरी आले. अपघात सलीमच्या निष्काळजीपणाने झाला, कंपनीविरुद्ध माझी तक्रार नाही, असं त्यात होतं. कागद ठेवून, उद्या नेतो म्हणाले. माझी हरकत नव्हती. मला सलीम तुरुंगात हवा होता. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालताना मी मनात त्याचा हात त्याच प्रेसखाली ठेवत असे.

मी पेन उघडलं तेव्हा काका दारात उभे होते. "आधी वाच, पोरी. मोठ्यानं."

मी वाचला. त्यांनी सगळा ऐकला, घरी गेले आणि कप्पी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"गाव सोडायच्या आदल्या दिशी मी ही काढली. त्याच विहिरीवरची. आमाला दगडू न्हाई, तर तुमाला पानी न्हाई. सकाळी साहेबानं यादी पुढं केली, काय काय परत दिलं त्याची. साक्षीदार म्हनून मी न वाचता सही ठोकली. मागनं कळलं, यादीत व्हतं, विहीर एक, कप्पीसह. अन् कप्पी माझ्या ट्रंकेत."

"बरं केलंत. मिळाली त्यांना शिक्षा," मी म्हणाले.

"कुनाला? करार करनारे विहिरीवर येत न्हाईत. परत आलेल्या बाया आल्या असतील, घागरी घेऊन. माझ्या आईवानी." त्यांनी कप्पीचं चाक बोटाने फिरवलं. "सूड घे, पोरी. मी न्हाई म्हनत न्हाई. पर कागद कुनी लिवला ते बघून घे."

मग त्यांनी सांगितलं. माणूस आत असला की प्रेस थांबवणारा सेफ्टी सेन्सर अपघाताच्या तीन आठवडे आधीच दुरुस्तीला बाहेर गेला होता. गेटच्या रजिस्टरात तो गेल्याची नोंद काकांच्या हातची होती. परत आल्याची नोंद नव्हतीच. तरी मशीन थांबवायचं नाही, हा हुकूम मॅनेजरचा.

मी सही केली नाही. खटला उभा राहिला. काकांनी रजिस्टरातल्या नोंदीची साक्ष दिली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच गेटवर अडवलं. "किती वर्सं मी लोकांस्नी अडवलं. आज माझी पाळी," एवढंच म्हणाले. सलीमही साक्षीला आला होता. मी त्याच्याशी अजून बोललेली नाही.

काका गेल्या डिसेंबरात गेले. कप्पी मला द्यायची, असं ते सुनेला सांगून ठेवून गेले होते. मी ती माझ्या चौकटीला टांगली आणि तेल घातलं.

पुढच्याच महिन्यात मॅनेजर पुन्हा आले. त्यांचे केस पिकले होते, खटला अजून चालूच होता. "वहिनी, किती वर्षं मनात धरून बसणार? मिटवून टाकू आता. इथे सही करा." नव्या कागदात दोष कुणाचाच नव्हता. मी त्यांना बसा म्हटलं नाही. मीही उभीच राहिले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागले. श्रीकांतचं नाव आलं की मी थांबायचे, ते वाक्य पुन्हा वाचायचे. बारा पानं होती. सातव्या पानाला त्यांनी भिंतीला हात टेकला. शेवटची ओळ संपली तेव्हा त्यांनी पेन पुढे केलं.

मी पुन्हा पहिलं पान काढलं.